मुलीचे मधले नाव

मुलीच्या नावाच्या मधोमध काय असावे, हा प्रश्न आपल्या मराठी घरांतून आजवर फारसा उपस्थितच झाला नाही. पहिले नाव आत्याने कानात सांगावे, शेवटचे कुळाने द्यावे, आणि मधली जागा लग्नापूर्वी वडिलांची व लग्नानंतर नवऱ्याची, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. त्यात निवडीला वाव नव्हता. म्हणून चर्चेलाही नव्हता. अलीकडे मात्र हा प्रश्न दोन बाजूंनी आपल्या उंबऱ्याशी आला आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ठरविले की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याचे नाव सरकारी कागदोपत्री स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा क्रमाने लिहावे. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू परदेशातून येते. आपली मुले-मुली अमेरिकेत वा कॅनडात संसार थाटून आहेत. तेथील जन्मनोंदीच्या अर्जावर मधल्या नावाचा एक रकाना असतो. त्या लोकांत तो बापासाठी राखलेला नसतो. मुलाला हौसेने द्यावयाच्या दुसऱ्या नावासाठी असतो. मग रात्री उशिरा बडोद्याच्या घरी फोन वाजतो आणि नात झाल्याच्या आनंदात आजीला विचारणा होते की, एखादे जुने, आपल्यातले, पारंपरिक असे नाव सुचव पाहू.

आजी बिचारी गोंधळते. कारण तिच्या लेखी मधले नाव सुचवावयाचे नसतेच, ते असतेच. आणि 'पारंपरिक' म्हणजे कोणते? पुस्तकात छापलेली अर्थासह नावांची यादी, की शेजारच्या घरात ऐकलेले एखादे भारदस्त संस्कृत नाव? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर यादीत शोधण्यापूर्वी आपापल्या घरात शोधावे. तेथे ते आहे. परंतु ते झाकून ठेवले गेले आहे, आणि ते झाकले कोणी व कसे, हे समजून घेतल्याखेरीज हाती लागणारे नाही.

प्रथम कागदाची गोष्ट. जुन्या मराठी दस्तऐवजांत माणसाची ओळख दुसऱ्या माणसाच्या आधाराने होत असे. पुरुष असेल तर 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकाचा मुलगा. स्त्री असेल तर 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमुकाची बायको. हे शब्द आपण फारसी दफ्तरातून उचलले आणि पुढे इंग्रजी अमदानीत ते गळून पडले. पण त्यांनी धरलेली जागा तशीच राहिली. आज आपण ज्याला मधले नाव म्हणतो ते म्हणजे शब्द पुसलेले 'बिन' आणि 'कोम' होय. फरक इतकाच की, मुलाचा 'बिन' जन्मभर टिकतो आणि मुलीला तिच्या आयुष्याच्या मध्यावर 'कोम' लागतो.

आपल्या बडोद्यापुरते बोलावयाचे तर ही जागा पक्की होण्यात शाळेचाही हात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला, मुलग्यांना तसाच मुलींनाही. घरात जिला सारे चिमी किंवा ठकी म्हणत, त्या पोरीचे नाव प्रथमच सरकारी पटावर चढले, आणि चढले ते बापाच्या नावासह. हे उपकारच झाले. पटावर नाव नसलेली मुलगी शाळेतच नसते. परंतु पटाला एकच नाव कळते. घरी तिला जी आणखी दोन-तीन नावे होती ती पटाबाहेर राहिली.

ती नावे होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. नामकरणाच्या विधीत शास्त्राने चार नावे सांगितली आहेत: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचे एक. भटजी ती सांगतात, बाप काशाच्या ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने वा तारेने लिहितो, आणि घुगऱ्या वाटल्या जाईपर्यंत पहिली तीन नावे सर्वजण विसरलेले असतात. नक्षत्रनाव तेवढे पत्रिकेत जन्मनाव म्हणून उरते आणि लग्न जुळविताना एकदा बाहेर निघते. आपले गुजराती शेजारी या बाबतीत अधिक सरळ आहेत. त्यांच्याकडे राशीचे अक्षर आले की फोई त्याच अक्षरावरून हाक मारावयाचे नाव ठेवते. आत्या आणि फोई यांचा मान दोन्ही समाजांत सारखा. मात्र आपण मराठी माणसे पत्रिकेचे एक व हाकेचे दुसरे अशी दोन खाती ठेवतो. तेव्हा परदेशातील सुनेला 'आपल्याकडे दुसरे नाव ठेवण्याची चाल नाही' असे जे सांगितले जाते ते खरे नाही. चाल आहे, फक्त ती कागदावर येत नाही.

त्यात आणखी एक गंमत होती. थोरल्या नातीला आजीचे नाव ठेवावे ही पुष्कळ घरांतली रीत. पण सुनेने सासूचे नाव घ्यावयाचे नाही, हीही रीतच. मग स्वतःच्याच लेकीला ती हाक कशी मारणार? म्हणून पाळण्यातले नाव सरस्वती आणि हाकेचे ताई. पाळण्यातले भागीरथी आणि हाकेचे छबू. कित्येक मुलींना आपले खरे नाव शाळेत गेल्यावर कळले, आणि ज्या शाळेत गेल्या नाहीत त्यांना ते बोहल्यावर चढताना कळले, तेही बदलले जाण्याच्या बेतात असताना.

कारण लग्नात पुन्हा ते ताट येते. पुन्हा तांदूळ, पुन्हा सोन्याची अंगठी. या वेळी लिहिणारा हात बापाचा नसून नवऱ्याचा असतो. मुलाच्या आयुष्यात हा प्रसंग एकदाच, मुलीच्या आयुष्यात दोनदा. एकोणिसाव्या शतकातील आपल्या कर्त्या स्त्रियांची नावे या दृष्टीने एकदा वाचून पाहावीत. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. अण्णासाहेब कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करून आनंदीबाई झालेल्या बाया माहेरच्या गोदावरी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई तर काशीत जन्मलेली मणिकर्णिका म्हणून सर्वश्रुतच आहे. दोन यमुना, एक तापी, एक गोदावरी आणि काशीच्या एका घाटाच्या दोन लेकी. लग्नानंतर सगळ्यांच्या रमा, सत्यभामा, आनंदी आणि लक्ष्मी झाल्या. नवरा नारायण असला की बायको लक्ष्मी ही जुळणी रेव्हरंड टिळकांच्या घरी बसली. आणि लोकमान्यांचे खरे नाव केशव हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सत्यभामा कोठून आली तेही कळेल.

आपल्या शहरात तर याची साक्ष दगडात उभी आहे. रावपुऱ्यातील टॉवर १८९६ साली चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ बांधला, हे आपण पाहुण्यांना सांगतो. त्या तंजावरच्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. त्यांचे १८८५ साली निधन झाले आणि त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई राजवाड्यात आल्या. त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले. पुढे १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या याच. दोन स्वतंत्र मुली, एक तंजावरची व एक देवासची, इतिहासात एकाच नावाच्या पहिल्या व दुसऱ्या म्हणून राहिल्या. महाराजांचेही नाव बदलले होतेच. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला. परंतु कवळाण्याच्या गोपाळाची गोष्ट बडोद्याच्या पोरासोरांना पाठ असते. देवासच्या गजराची गोष्ट कोणी सांगितलेली आम्ही ऐकली नाही. ग्वाल्हेरीसही १९४१ साली लेखा दिव्येश्वरीदेवी लग्न होऊन आल्या त्या विजयाराजे झाल्या.

राजघराण्यांची माहेरची नावे निदान ग्रंथांत नोंदलेली असतात. तुमच्याआमच्या घरी काय आहे? भिंतीवरच्या वंशवृक्षात पणजोबांच्या वरचे पुरुष सात पिढ्यांपर्यंत लटकलेले असतात, आणि पणजीच्या जागी फार तर तिचे सासरचे नाव असते. पत्रिका छापल्या जातात 'सौ. व श्री.' म्हणून आणि पुढे नाव एकट्या श्रीयुतांचे. कुमारी, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्यवती, गंगाभागीरथी अशी उपपदांची मालिका इतकी भरघोस की तिच्याखाली नाव दिसेनासे व्हावे. यातली एक विसंगती तर मोठी नामी आहे. ज्या बाईने नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून तोंडातून काढावयाचे नाही, तिच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध तेच नाव सक्तीने बसलेले!

आम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहितो असे कोणी समजू नये. वडिलांचे नाव मुलीने लावावे यात वावगे काहीच नाही, आणि पुष्कळ मुली ते अभिमानाने लावतात. जनाबाईने तर आपल्या अभंगांत नामदेवांचे नाव स्वतःच्या नावाशी जोडले ते कोणा नोंदणी कारकुनाच्या सांगण्यावरून नव्हे, आपखुषीने. आमचे म्हणणे इतकेच आहे की, मधल्या जागी प्रथमच निवडीचे नाव बसविण्याची संधी काही घरांना मिळत असताना, तेथे यादीतला एखादा गुळगुळीत शब्द बसविणे म्हणजे हाती आलेले गमावणे होय. त्या जागी घरातल्या एखाद्या बाईचे माहेरचे, पुसले गेलेले नाव बसवावे. पणजीचे, खापरपणजीचे, लहानपणी वारलेल्या एखाद्या आत्येआजीचे. तेच पारंपरिक, कारण ते त्या घराच्या परंपरेत खरोखर होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो अर्थाचा. 'ठकू' म्हणजे काय? 'साळू' म्हणजे काय? पोरीने वर्गात काय सांगावे? हल्ली नावाचा अर्थ विचारण्याची जी खोड जडली आहे तिच्यामुळे नावांच्या याद्यांत वाटेल ते अर्थ छापले जातात. कोणत्याही कोशात न सापडणारे शब्द 'संस्कृत' म्हणून खपतात. मनुस्मृती काढून दाखविणारेही भेटतात. स्त्रियांचे नाव उच्चारास सोपे, कानाला गोड, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे मनूने सांगितले आहे खरे. पण त्याच मनूने नक्षत्र, वृक्ष व नदी यांची नावे असलेल्या मुली करू नयेत असेही सांगून ठेवले आहे. महाराष्ट्राने त्याचे काय केले ते वरच्या यमुना-तापी सांगतातच! रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, कृष्णा, गोदा, नर्मदा यांनी आपली घरे भरलेली आहेत. यमुनांच्या रमा-आनंदी झाल्या त्या या श्लोकाच्या भीतीने, असेही कोणी म्हणू नये. कित्येक घरांत सुनेलाच नव्याने गंगा-यमुना केले जाई. लोकांनी शास्त्रातले गोड तेवढे घेतले आणि बाकीचे नम्रपणे बाजूस ठेवले, हीदेखील परंपराच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी म्हणून सगळीच नावे प्रेमाने ठेवलेली नव्हती. मुलीमागून मुली झाल्या की पुढच्या मुलीचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवीत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली आणि त्यांनी आपली नवी नावे स्वतः निवडली. घरच्या आजीचे नाव असे निघाले तर ते नातीला द्यावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ते कळावे मात्र अवश्य. मूल जगावे म्हणून धोंडी, दगडी असे ओबडधोबड नाव ठेवणे निराळे, आणि मूल नको म्हणून नाव ठेवणे निराळे. दोन्ही कानाला सारखीच खडबडीत लागतात, म्हणून नाव टाकण्यापूर्वी ते का ठेवले होते हे विचारावे. तसेच 'पारंपरिक' म्हणजे पांढरपेशा घरांतलीच नावे अशी समजूत असेल तर ती सोडावी. सखू, जनी, सोयरा, मुक्ता, बहिणा ही नावे संतांच्या मांदियाळीतली. ती कोणा एका जातीची मिरास नव्हेत.

आईचे नाव मध्ये घालावे या महाराष्ट्राच्या निर्णयाकडे आम्ही समाधानाने पाहतो. तो गुजरातेत आपल्याला लागू नाही, हे लक्षात असावे. त्यात विवाहित स्त्रीच्या बाबतीत नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव ही जुनी पद्धत कायम ठेवली आहे, तेव्हा मुलीच्या नावात आलेली आई लग्नाच्या दिवशी पुन्हा मागल्या दाराने निघून जावयाची शक्यता उरतेच. ज्यांना ही कल्पनाच परकी वाटते त्यांनी नाशिकच्या लेण्यांकडे पाहावे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या भूमीचे सातवाहन राजे स्वतःस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत, आणि गौतमी बलश्री या राजमातेचा लेख तेथे आजही आहे. अर्थात तेथेही एक बारकावा आहे. गौतमी, वासिष्ठी ही त्या मातांची गोत्रनावे, म्हणजे पुन्हा त्यांच्या माहेरच्या पुरुषांकडून आलेली. तिचे स्वतःचे नाव बलश्री. मुलाने मिरविले ते गोत्र. बलश्री हे नाव आपल्याला कळते ते तिच्या दानाचा लेख खोदला गेला म्हणून.

आता व्यवहाराचे बोलू. आईचे, वडिलांचे आणि पणजीचे अशी सगळीच नावे एका रकान्यात कोंबून पोरीला मालगाडी जोडू नये. पारपत्रावर दिलेले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. मधले जे काही असेल ते पहिल्यात जाते, आणि मग विमानाच्या तिकिटापासून परीक्षेच्या प्रवेशपत्रापर्यंत सर्वत्र ते अक्षरशः जुळावे लागते. तीन-चार अक्षरी नाव बरे. गोदावरी आवडली तर गोदा पुरे. भागीरथीऐवजी भागी म्हणण्यास कोणाची हरकत असेल तर द्वारका, मथुरा, वेणू, मैना, आवडी आहेतच, पण त्या आपल्या घरात असल्या तर. इंग्रजी अक्षरांत ते कसे लिहावयाचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे आणि जन्मदाखला, शाळा व आधार तिन्ही ठिकाणी तसेच लिहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखलाच प्रमाण धरला जातो, तेव्हा तेथे जे लिहिले जाईल तेच आयुष्यभर पुढे चालणार.

घाई मात्र करण्याचे कारण नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मुलाचा जन्म नावाशिवायही नोंदता येतो. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालून मिळते, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. परदेशातील कायदे निरनिराळे आहेत, त्यांची चौकशी तेथेच करावी. इथल्या नातीसाठी तरी बारसे बाराव्या दिवशी करून हाकेचे नाव ठेवावे आणि मधल्या नावाचा शोध सवडीने करावा. वंशवृक्षात हे नाव मिळणार नाही. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावे, आणि प्रश्नही नीट विचारावा. 'तुमच्या सासूबाईंचे नाव काय होते' असे विचारले तर सासरचे नाव मिळेल. 'त्यांच्या माहेरची माणसे भेटायला आली की त्यांना काय म्हणून हाक मारीत' असे विचारावे. बडोद्यातल्या पुष्कळ घरांची माहेरे कोकणात, खानदेशात, देशावर, नाहीतर इंदूर-देवासकडे आहेत. इथे उत्तर मिळाले नाही तर त्या घरी फोन लावावा. गेलेल्या लेकीचे नाव कित्येकदा सासरी कोणाला आठवत नसते, पण माहेरी तिच्या भावाच्या नातवंडांना माहीत असते.